कुंचीचे बंद

॥ श्री ॥

वाई,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. सौ. सोनू हिस आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावून मी नुकतीच टेकले होते, तोच तुझ्या आईचा फोन आला. आणि बारशाचा थाट, पाहुण्यांची वर्दळ, तुझ्या सासूबाईंनी ठेवलेला चोख बंदोबस्त हा सारा मजकूर मोठ्या हौसेने सांगता सांगता वहिनी सहज बोलून गेली की, पोरीच्या गळ्यातली नळी कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून सोनूने तिला कुंची घातली होती, बंद हनुवटीखाली आवळून बांधले होते, आणि फोटोत त्या नळीचा मागमूसही लागत नाही. वहिनीच्या लेखी ही कौतुकाची खबर होती. मला मात्र त्यानंतर अन्न गोड लागले नाही, रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, आणि आता पहाटे साडेतीनला दिव्याखाली बसून मी हे लिहीत आहे. फोनवर बोलले असते तर माझा आवाज चढला असता. आणि चढल्या आवाजातला राग तेवढा ध्यानात राहतो, सांगणे विसरले जाते.

किती वेळ, सोनू? किती वेळ ते बंद बांधलेले होते? पाळणा म्हणायला बायका भोवती जमल्या तेव्हा, ती या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होती तेव्हा, तिच्या छातीकडे आणि गळ्याकडे लक्ष ठेवून कोण बसले होते?

तू शिकलीसवरलेली मुलगी. सत्ताविसाव्या आठवड्यात, अवघ्या नऊशे चाळीस ग्रॅम वजनाची ती जन्माला आली. जवळजवळ चार महिने नवजात अतिदक्षता विभागाच्या दाराशी तू बसून काढलेस. तोंडावाटे घातलेली नळी आठवडेच्या आठवडे राहिल्यामुळे स्वरतंतूंच्या खालची जागा आकसली, दोन वेळा नळी काढून पाहिली आणि दोन्ही वेळा श्वास पुरेना, म्हणून अखेर गळ्याच्या खालच्या भागी छेद घेऊन श्वासाला नवी वाट करून दिली, हे सारे तू माझ्यापेक्षा अधिक जाणतेस. मग जी वाट तिच्या जगण्याची एकमेव वाट आहे, तिच्यावर जरीकाठी कापड ओढताना तुझा हात थांबला कसा नाही? त्या नळीचे आतले तोंड साडेतीन मिलिमीटरचे, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढे. कफाची सुकलेली खपली, कापडाचा चुरगळलेला काठ, शालीचा निघालेला तंतू, इतकेसे काहीही त्या दाराला कडी घालायला पुरेसे आहे.

आणि दार लागले तर ती रडून सांगेल, असे तुला वाटले काय? तिला रडता येते. तिचे रडणे ऐकू येत नाही. छातीतला वारा स्वरतंतूंपर्यंत पोहोचण्याच्या आतच नळीतून निघून जातो, म्हणून ती तोंड पसरते, कपाळाला आठ्या घालते, हातपाय झाडते, आणि खोलीत शब्द उमटत नाही. इतर मुलांची आई स्वयंपाकघरातून कानाने राखण करते. तुला ती डोळ्यांनी करायची आहे. नाकपुड्या फुलणे, बरगड्यांमधली आणि गळ्याच्या खळगीतली कातडी आत ओढली जाणे, ओठांभोवती निळसर छाया येणे, नळीतून घरघर किंवा शिटी येणे, ही तिची भाषा. जिचे रडणे ऐकू येत नाही तिला दृष्टीआड करू नये, एवढी एकच गोष्ट सांगण्यासाठी मी या वयात पहाटेची उठले आहे. बाकी जे लिहीन ते या एका वाक्याचे शेपूट समज.

वहिनीने आणखीही एक गोष्ट सांगितली. समारंभ आटोपल्यावर घरातल्या कुणा वडीलधाऱ्या बाईंनी मीठमोहऱ्या आणि सुक्या मिरच्या उतरून निखाऱ्यावर टाकल्या, दृष्ट काढली. आणि न्हाऊमाखू घातल्यावर ओव्याची धुरी द्यायचा शिरस्ताही त्या घरी आहे म्हणे. त्यांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तुला आणि तुझ्या वडिलांनाही आपल्या घरी धुरी दिलेली आहे. परंतु तुमची नाके जागेवर होती. येणारा वारा गाळावा, उबदार करावा, ओलसर करावा, हे नाकाचे काम. हिच्या वाऱ्याला ती वाटच ठाऊक नाही. नळीच्या तोंडाशी बसवायचे ते छोटे कृत्रिम नाक तिच्याच उच्छ्वासातला ओलावा धरून ठेवते, पण मिरचीचा धूर ते अडवू शकत नाही. म्हणून धुरी नको, उदबत्ती नको, डास मारायचा फवारा नको, अंगाला पावडर नको. गळ्यात काळे मणी नकोत. नजर लागू नये म्हणून हवेच असतील तर पायात बांधा. सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांना जवळ बसव आणि एकदा नळीतला कफ ओढून काढताना पाहू दे. डोळ्यांनी पाहिलेले त्या कधी नामंजूर करणार नाहीत.

आता नळीच्या सामानाच्या पिशवीविषयी. वहिनीच्या सांगण्यात पिशवीचा उल्लेख कोठेच आला नाही, आणि ती गोष्ट मला कुंचीइतकीच टोचते. साडेतीनची दुसरी नळी, तिच्याहून अर्ध्या मापाने लहान, म्हणजे तीनची आणखी एक, बांधायच्या पट्ट्या, कात्री, सक्शनचे चार्ज केलेले यंत्र व त्याचे कॅथेटर, हाताने श्वास द्यायची अंबू बॅग, एवढे सामान ज्या खोलीत ती आहे त्या खोलीत असले पाहिजे. मोटारीच्या डिकीत नव्हे, मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरही नव्हे. पट्टी आणि मान यांच्यामध्ये तुझे एक बोट जाईल इतकीच ढील असावी. कातडी लाल होते म्हणून तुला दया येईल, पण सैल पट्टी म्हणजे निसटलेली नळी. पट्टी बदलताना माणसे दोन, एकाचा हात अखंड नळीवर. कॅथेटर आखून दिलेल्या खुणेपर्यंतच आत घालावा, त्यापुढे नाही; आणि त्या वेळी तू स्वतःचा श्वास रोखून धर, म्हणजे तुझा जीव कासावीस होताच तिचाही होत असेल हे तुला कुणी सांगावे लागणार नाही. ओढूनही वाट मोकळी झाली नाही, तर विचार करीत बसू नकोस, कुणाची परवानगी मागू नकोस: नळी बदल. त्या मापाची जात नसेल तर लहान घाल. तीही जात नसेल तर त्या छिद्रावरच छोटा मास्क किंवा आपले तोंड टेकवून श्वास दे, आणि दुसऱ्या माणसाला १०८ लावू दे. हे सारे तुला शिकवले आहे, हे मी जाणते. पण समारंभातल्या गर्दीत शिकवलेले सुचत नाही. ते सुचायला गळा उघडा आणि पिशवी हाताशी लागते.

तू म्हणशील, आत्या एका कुंचीवरून किती बोलते. म्हणून आता एक गोष्ट सांगते, जी मी तुझ्या वडिलांनाही कधी सांगितली नाही.

१९७२ साल, दुष्काळाचे. मी बावीस वर्षांची, एका मोठ्या शहरातल्या सरकारी इस्पितळाच्या सांसर्गिक रोगांच्या विभागात नवी परिचारिका. त्या काळी घटसर्पाने घसा बंद झालेली मुले वरचेवर येत. गळ्याला छेद देऊन चांदीची नळी बसवीत. तिच्या आतली बारीक नळी काढून धुऊन पुन्हा घालायची, हे आमचे काम. नातेवाइकांना ठरल्या वेळेखेरीज आत येण्याची मुभा नसे. चार वर्षांचा एक मुलगा होता. त्याची आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे, आणि कामावर खाडा करून ती खिडकीच्या काचेबाहेर उभी राही. एके दिवशी वरिष्ठांची फेरी यायची होती. त्या मुलाच्या गळ्यातली पट्टी कफाने आणि रक्ताने मळली होती, आणि ती बदलायला वेळ नव्हता म्हणून मी धुतलेली पांढरी चादर त्याच्या हनुवटीपर्यंत ओढून नीट खोचली. थोड्या वेळाने ती बाई काच बडवू लागली. मी तिला हाताने खूण केली, थांब, साहेब येत आहेत. ती थांबेना, मी पाठ फिरवली. तिला मुलाचा चेहरा दिसत होता. मला चादरीची इस्त्री दिसत होती. चादर दूर केली तेव्हा आतली नळी खपलीने बंद झालेली होती. ती आम्ही काढली, पण वेळ निघून गेली होती.

चौकशीत माझ्यावर ठपका ठेवला गेला नाही. आजार तसा होता, असे सर्वांनी म्हटले. पुढे १९७८ पासून सरकारने लसीकरणाचा विस्तार केला, घटसर्प हळूहळू ओसरला, चांदीच्या नळ्या कपाटात गेल्या, मी निवृत्त झाले. परंतु काचेवर पडणारे ते हात काही माझ्या कानांतून गेले नाहीत. आपल्या घरी झोपलेल्या मुलाच्या तोंडावरचे पांघरूण मी रात्री उठून खाली ओढते म्हणून तुम्ही सारी भावंडे हसत होता. तू तर माझी नक्कल करून दाखवीस. त्याचे कारण हे होते.

मी चादर ओढली ती भीतीपोटी, साहेब काय म्हणतील म्हणून. तू कुंची बांधलीस तीही लोक काय म्हणतील म्हणूनच ना? पोरी, त्या छिद्रात लाजण्यासारखे काही नाही. फ्रान्समधील तूर गावी ब्रेतोन्नो नावाच्या वैद्याने आधीचे प्रयत्न फसलेले असतानाही १८२५ साली घटसर्पाने कोंडलेल्या एका चिमुरडीचा गळा उघडला, आणि ती जगली. तेव्हापासून कित्येक मुलांनी या एवढ्याशा दारातून जगात पुन्हा पाऊल ठेवले आहे. तुझी लेक त्यांतलीच. कुणी विचारले तर सांग, ती येथून श्वास घेते. एवढेच सांग, आवाज खाली न आणता सांग. आज तू जे झाकशील ते झाकण्याजोगे आहे, असे ती उद्या शिकेल.

हे दार कायमचे नाही, हेही विसरू नकोस. ती वाढेल तशी तिची श्वासनलिका वाढेल. डॉक्टर दुर्बिणीतून वरची वाट पाहतील, गरज पडल्यास ती रुंद करतील, मग नळी लहान करतील, तिच्यावर दिवसा टोपण लावून पाहतील, एक रात्र इस्पितळात पहाऱ्यावर ठेवतील, आणि एके दिवशी ती काढतील. काही महिने जातील, कदाचित काही वर्षेही. मधल्या काळात वरची वाट पुरेशी मोकळी आहे अशी डॉक्टरांची खात्री पटली, तर एक छोटी झडप मिळते, जी वारा नळीतून आत घेते पण बाहेर सोडताना स्वरतंतूंकडे वळवते. स्नायूंच्या दुर्धर व्याधीने हालचाल गमावलेल्या आणि श्वासयंत्रावर जगणाऱ्या डेव्हिड म्यूर नावाच्या अमेरिकन तरुणाने स्वतःला बोलता यावे म्हणून १९८५ साली ती घडवली. लेकीचे रडणे तुला प्रथम ऐकू येईल त्या दिवशी मला फोन कर. मध्यरात्र असली तरी कर.

पत्र वाचून पाहिले, आणि माझीच मला शरम वाटली. चार महिने ज्या मुलीने काचेच्या पेटीतून आपल्या लेकराचा हात धरला, घरी आल्यापासून जी सलग तीन तास झोपलेली नाही, ऑक्सिमीटर वाजला की जी ताटावरून उठते, तिला मी हयगय शिकवू लागले. आणि एक गोष्ट तर मी आतापर्यंत टाळीतच आले. ती कुंची मीच पाठवली होती. माझ्या आईने पैठणीच्या काठातून शिवलेली. तुझे वडील, मी, तू, सगळ्यांना बारशाला घातलेली. बाराव्या दिवशी तुझी पोर पेटीत होती, म्हणून पाचव्या महिन्यातल्या बारशाला तरी घराण्याची कुंची तिच्या अंगावर पडावी, एवढाच माझा सोस. ट्रंकेतून कुंची काढताना तिचे बंद मी हाताने सरळ केले, इस्त्री केली, आणि ते हनुवटीखाली येतात हे माझ्या, वर्षानुवर्षे गळे राखलेल्या बाईच्या, ध्यानात आले नाही. तू लाजून बांधलेस की आत्याने पाठवली म्हणून बांधलेस, हे मला विचारायचेही नाही.

तेव्हा आता तजवीज अशी. येत्या गुरुवारी मी सकाळच्या एस.टी.ने पुण्यास येत आहे. पंधरा दिवस रात्रीचा पहारा माझा. अकराला पोरीला माझ्या हवाली करून तू दुसऱ्या खोलीत दार लोटून झोपायचे, आणि सकाळी सहापर्यंत उठायचे नाही. म्हातारपणी मला तसेही जागरणाचे काही वाटत नाही. तुझी यंत्रे आमच्या वेळची नव्हेत, तीही तू मला एकदा दाखव. चुकले तर रागव. ती कुंची तेवढी धुऊन ठेव. मी पुढचा भाग कापून गळा मोकळा करीन, बंद मागे मानेवर नेईन, काठ मात्र तसाच ठेवीन. आईला ते आवडले असते.

तिच्या मुठीत माझे बोट देऊन बसायची मला घाई झाली आहे.

तुझी,
आत्या