दरात नव्या मशीनचा हिस्सा

भोसरी,
बुधवार, रात्री

चि. सोनू यास,


परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, होस्टिंगसाठी नवे सर्व्हर घ्यायचेत, गिऱ्हाइकांचे दर वाढवू का?" मी हो म्हणालो आणि ठेवून दिला. ते हो तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. दर वाढवावेस असं मला आजही वाटतं. पण कोणाचे, किती आणि केव्हा, हे न बोलता दिलेला होकार अर्धाच होता.

कारखान्याचा गाळा घेतल्यावर सात वर्षं मी जॉबवर्कचा तासाचा दर वाढवला नाही. गिऱ्हाईक तुटेल ही एकच धास्ती. मग व्हीएमसी मशीनचा स्पिंडल कुरकुरायला लागला. डायल लावला की सुई थरथरायची. फीड कमी कर, एक जास्तीचा कट दे, असं करत मी वर्षभर रेटलं. एका डिस्पॅचच्या आदल्या रात्री बेअरिंग गेलं. दुसऱ्या दिवशी मशीन बंद, माल अडकलेला आणि मी पार्टीच्या ऑफिसात दरवाढीचं पत्र घेऊन उभा. परचेसच्या माणसाने शांतपणे विचारलं, "इतकी वर्षं दर घेत होतात, त्यात मशीनची झीज धरली नव्हती का?" धरली होती रे. पण ती वेगळी कधी काढलीच नाही; घरखर्चात, बोनसात जिरून गेली. ते काम माझ्या हातून गेलं, आणि त्यात त्या माणसाची काही चूक नव्हती.

तुझं तसंच झालंय. तुझ्या जुन्या दरातही डिस्कची, मेमरीची झीज होतीच. ते पैसे बाजूला पडले नाहीत, तर त्याचा सगळा भार आज गिऱ्हाइकावर टाकू नकोस. तुझा अंदाज सहा लाख तीस हजारांचा आहे. त्यातले दोन लाख दहा हजार तू स्वतः घाल, लागलं तर एफडी मोड. राहिले चार लाख वीस हजार. तुझी गिऱ्हाइकं १४०, पण हिशोब १२०चाच धर, कारण वीस जण जातीलच. चार वर्षांवर वाटलेस तर डोई वर्षाला ८७५ रुपये पडतात, महिन्याला त्र्याहत्तर. हे "वीस टक्के वाढ" म्हणून सांगितलंस तर माणूस दचकतो. त्र्याहत्तर रुपये म्हटलंस तर तो विचार करतो.

आणि तुझी गिऱ्हाइकं कोण आहेत ते विसरू नकोस. चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, आमची भोसरी इथले छोटे व्हेंडर. त्यांना वरच्या कंपन्यांकडून दरवर्षी 'कॉस्ट डाउन' मागितला जातो, आणि खालून तू दर वाढव म्हणणार. पण हीच माणसं अमॉर्टायझेशन कोळून प्यायलेली आहेत. डाय दोन लाखांची असेल तर ती दोन लाख नगांवर रुपया-रुपयाने वसूल होते, आणि नग पूर्ण झाले की तो रुपया दरातून काढावा लागतो, हे त्यांना पाठ आहे. तुझं कॉस्टिंग त्याच भाषेत एका कागदावर लिही. चार वर्षांनी हे ८७५ रुपये निघतील, हेही त्यावरच लिही आणि तसं खरंच कर. या पट्ट्यात असा कागद आणणारा होस्टिंगवाला मी तरी पाहिला नाही.

सरसकट वाढ मात्र करू नकोस. लेथचा तासाचा दर आणि व्हीएमसीचा दर कोणी एक लावत नाही. ८७५ ही सरासरी. ज्याचे दोन मेलबॉक्स आणि चार पानांची साइट आहे त्याला तीनशेत बसव. ज्याच्या मेलमध्ये रोज ड्रॉइंगच्या जाडजूड फायली येतात आणि वर्षानुवर्षं तशाच पडून राहतात, त्याने जास्त दिलं पाहिजे. नाशिकच्या ईएसडीएस कंपनीने 'ईनलाइट' क्लाउड उभा केला तो जेवढा वापर तेवढं बिल या तत्त्वावर. पण आधी मागच्या महिनाभराचे लॉग बघ. कदाचित पाच-सहा जणांच्या जुन्या मेल हलवल्यास तर एक सर्व्हर कमीच लागेल. ते न बघता दर वाढवणं मला अप्रामाणिक वाटतं.

आगाऊ घेतलेल्या वर्षाच्या पैशांना हात लावू नकोस. गिऱ्हाइकाने मार्चपर्यंतचे दिले असतील तर मार्चपर्यंतचं रॅकभाडं आणि वीज त्यातूनच जायची आहे. आणि मुदतीच्या मध्येच दर बदलायचा नाही, रिन्युअललाच, तेही दोन महिने आधी कळवून. २०१९ आठवतंय ना? होस्टिंगचं सॉफ्टवेअर देणाऱ्या सीपॅनलने जूनअखेरीस जाहीर केलं आणि १ सप्टेंबरपासून लायसन्सचा दर खात्यांच्या संख्येवर नेला. तेव्हा तू रात्री अकराला माझ्याकडे आला होतास, डोळे लाल करून. ज्यांच्याकडून तू तीन वर्षांचे पैसे घेतले होतेस त्यांचा फरक तुलाच सोसावा लागला. म्हणून यापुढे एका वर्षापेक्षा जास्त आगाऊ घेऊच नकोस.

गिऱ्हाईक जाण्याची भीती खोटी नाही. जुलै २०२४मध्ये जिओ, एअरटेल आणि व्हीआयने दर वाढवले, तेव्हा त्या एका महिन्यात बीएसएनएलकडे जवळपास २९ लाख ग्राहक वाढले. नोव्हेंबरात मात्र बीएसएनएलचीच संख्या घटली. मी त्याचा अर्थ असा लावतो की स्वस्त म्हणून गेलेला माणूस रेंज नसेल तर थांबत नाही. तुझ्याकडे रेंज म्हणजे मेल. महिनाअखेरीला गेटवर गाडी उभी आहे, बदललेलं शेड्यूल मेलवर येणार आहे आणि मेल उघडत नाही, तेव्हा त्या मालकाच्या पोटात काय होतं ते मी अनुभवलंय.

म्हणून क्रम बदल. आधी कर्ज काढून एक सर्व्हर घे. सगळ्यांत जास्त तक्रार करणारे दहा जण जुन्याच दरात त्यावर हलव. महिनाभर त्यांना चालवू दे. मग कागद घेऊन जा. न आलेल्या मशीनचे पैसे मागणं वेगळं आणि चालू असलेल्या मशीनचे मागणं वेगळं.

ईमेलने कळवून मोकळा होऊ नकोस. निदान मोठ्या वीस जणांकडे स्वतः जा. उद्या गुरुवार, कारखाना बंद आहे, जेवायलाच ये आणि लॉगचा कागद आण. शुक्रवारी म्हाळुंग्याला माझ्या ओळखीच्या दोघांकडे जाऊन नुसतं त्यांचं म्हणणं ऐकू. सातच्या आत निघावं लागेल, नंतर तळेगाव चौकात तासभर अडकतो. मामी म्हणते, आजीच्या हातची चटणी संपली असेल तर डबा घेऊन ये.

तुझा,
मामा