घोळ : निंदणींतील तण, घरांतील पेय

मजुरी देऊन निंदून जी घोळ आपण बांधावर फेंकतों, ती केवळ तण नव्हे. तिच्या मांसल पानांत 'अ' व 'क' जीवनसत्त्वांचे घटक असून, जवसांत सांपडणारें ओमेगा-३ जातीचें स्निग्धाम्लही असतें. शिजवितांना 'क' जीवनसत्त्वाचा बराच अंश नष्ट होतो. म्हणून कोंवळे शेंडे फळांबरोबर कच्चेच घोटून घेणें हितावह होय.

कृति : २ पिकलीं केळीं, २ पेले दहीं व मूठभर स्वच्छ धुतलेले शेंडे मिक्सरमध्यें एकजीव करावे. पाण्याचा ताण पडलेली घोळ रात्रीं पानांत आम्ल सांठविते. आंबटपणा नको असल्यास ती दुपारनंतर खुडावी.

मात्र तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. घोळींत ऑक्झॅलिक आम्ल पुष्कळ असतें. दह्यांतील कॅल्शियम त्याचा कांहीं अंश बांधून ठेवितें, तरीही मुतखड्याच्या रोग्यानें हें पेय वर्ज्य करावें. तणनाशक फवारलेल्या शेतांतील घोळ मुळींच घेऊं नये. तिसरें, प्रत्येक देंठ मोडून पाहावा. पांढरा चीक निघाल्यास ती घोळ नव्हे, तिच्यासारखी दिसणारी दाहक चिकाची वनस्पति होय. ती तत्काळ टाकून द्यावी. ओळख पटल्याखेरीज कोणतेंही तण पोटांत जाऊं देऊं नये.