सेव्हियाला जाणाऱ्या भाचीस

चि. मुक्तास,


तुझं आणि ईशाचं स्पेनला जायचं ठरलं हे वाचून फार आनंद झाला. दहा दिवसांत माद्रिद, बार्सिलोना, ग्रनाडा आणि सेव्हिया अशी यादी तू पाठवली आहेस. माझं ऐकशील तर त्यातली दोन नावं खोड आणि सेव्हियाला निदान पाच रात्री दे. माद्रिदहून वेगवान रेल्वेने अडीच तासांत पोहोचशील. आणि एक गोष्ट मनाशी पक्की कर: त्या शहरात गिऱ्हाईक होऊन राहू नकोस, पाहुणी होऊन राहा. गिऱ्हाईक पैसे मोजतं आणि सगळं आपल्या सोयीने मागतं. पाहुणा घरच्यांच्या जेवणाच्या वेळा, त्यांची झोप, त्यांचे सणवार सांभाळून राहतो. पुढे जे लिहिते आहे ते याच एका गोष्टीसाठी.

आधी तारखा. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नकोस. पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी तिथली माणसंसुद्धा घराबाहेर पडत नाहीत. ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा आणि त्यानंतर दोनेक आठवड्यांनी येणारी एप्रिलची जत्रा, या दोन्ही वेळी खोल्यांचे भाव चढलेले असतात. पवित्र आठवड्याच्या मिरवणुकीत टोकदार टोप्या घालून, चेहरे झाकून चालणारी माणसं दिसतात. ती प्रायश्चित्त म्हणून चालत असतात, तेव्हा मध्ये घुसून फोटो काढणं वाईट दिसतं. जत्रा १८४७ मध्ये गुरांचा बाजार म्हणून सुरू झाली. आज तिथले बहुतेक मांडव खासगी असतात आणि ओळखीशिवाय आत जाता येत नाही. म्हणून पहिल्या खेपेला ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर बरा. मार्चअखेरीस गेलात तर रस्तोरस्ती संत्र्याच्या फुलांचा घमघमाट असतो. त्या झाडांची फळं मात्र कडू असतात. मुरंब्यालाच चांगली, तोडून खाऊ नका.

मुक्काम गावातच करा, पण पर्यटकांना भाड्याने दिलेल्या फ्लॅटमध्ये नको. अशा फ्लॅटांमुळे जुन्या गावातली भाडी वाढली आणि पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या कुटुंबांना बाहेर पडावं लागलं. त्यापेक्षा लहानसं हॉटेल बघा. जुन्या घरांची बरीच हॉटेलं झाली आहेत. आपल्या वाड्यासारखा मधोमध चौक, त्यात कारंजं आणि कुंड्या, भोवती खोल्या. खोली चौकाकडची मागा, म्हणजे रात्री रस्त्याचा आवाज येत नाही. सांता क्रूझ हा भाग कॅथीड्रलला लागून आहे, पण त्याच्या कित्येक गल्ल्यांत गाडी शिरत नाही. बॅग दगडी फरसावरून ओढत न्यावी लागते, तेव्हा सामान आटोपशीर ठेवा. नदीपलीकडचं त्रियाना मला जास्त आवडतं. तिथे सकाळी दुकानं उघडताना, मुलं शाळेत जाताना दिसतात.

आता बघण्याचं. अल्काझार राजवाड्याचं तिकीट वेळेसह आधीच काढा आणि सकाळची पहिली वेळ घ्या. तिथे घाई करू नका. पेद्रो पहिला या ख्रिस्ती राजाने १३६० च्या दशकात त्यातला मुख्य महाल बांधवला. ग्रनाडाचे आणि तोलेदोचे कारागीर त्यावर राबले. चुन्याच्या नक्षीत अरबी अक्षरं आहेत आणि त्यांत या ख्रिस्ती राजाला ‘सुलतान डॉन पेद्रो’ म्हणून गौरवलं आहे. एखाद्या भिंतीपुढे पाच मिनिटं उभी राहा. खाली रंगीत फरशांची भौमितिक जाळी, वर कोरलेला चुना, त्याहून वर लाकडी छत असा क्रम डोळ्यांत बसेल. कॅथीड्रलच्या हिराल्डा मनोऱ्याचंही तसंच. ११९८ मध्ये पुरा झालेला हा मशिदीचा मनोरा होता, वरचा घंटाघराचा भाग सोळाव्या शतकातला. आत जिन्याऐवजी ३५ तिरप्या चढणी आहेत, बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून त्या केल्या असं सांगतात. गुडघे दुखणाऱ्यांनाही जमेल असा तो चढ आहे.

पण हे सौंदर्य बघून सगळे गुण्यागोविंदाने नांदले असं समजू नकोस. सांता क्रूझ हा ज्यूंचा मोहल्ला होता. १३९१ मध्ये जमावाने त्यावर हल्ला केला, माणसं मारली, सिनेगॉगांची चर्चेस झाली. त्रियानाचा बाजार ज्या सान होर्हे किल्ल्याच्या अवशेषांवर उभा आहे, तिथे १४८१ पासून इन्क्विझिशनचं ठाणं होतं. गोव्यात १५६० मध्ये पोर्तुगीजांनी आणलेल्या इन्क्विझिशनच्या हकिकती आपण वाचलेल्या आहेत, त्याच परंपरेचा हा आधीचा अंक. वर भाजी-मासळी घ्या आणि खाली उतरून ते अवशेषही बघा.

खाण्याच्या वेळा नीट लक्षात ठेव. दुपारचं जेवण दोननंतर, रात्रीचं नऊनंतर. मधल्या वेळात बऱ्याच ठिकाणी चूल बंद असते, कुरकुर करून उपयोग नाही. पाचला काहीतरी खाऊन घ्या. तापास म्हणजे लहान ताटली. एका ठिकाणी एक-दोन मागवायच्या, उभ्यानेच खायच्या आणि पुढच्या ठिकाणी जायचं. ‘एल रिंकोन्सियो’ हे १६७० पासूनचं आहे. तिथला माणूस तुमचा हिशेब समोरच्या लाकडी फळीवर खडूने मांडतो आणि पैसे दिले की हाताने पुसतो. तिथे पालक आणि काबुली चणे नक्की मागव. लसूण, जिरं, लाल तिखटाची पूड आणि तळून वाटलेला पाव यांनी दाटसर झालेली ती भाजी तुला परकी वाटणार नाही. तू शाकाहारी आहेस, तेव्हा नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. हॅमचे तुकडे किंवा टुना मासा तरीही येऊ शकतो. टोमॅटोचं गार, घट्ट साल्मोरेखो मागवताना ‘सिन हामोन’ म्हणजे हॅमशिवाय, हे आठवणीने सांग.

फ्लामेंकोबद्दल तुला वेगळं सांगायला हवं, कारण तू इतकी वर्षं कथक करते आहेस. मोठ्या जेवणासकटच्या कार्यक्रमापेक्षा लहान बैठक निवड, जिथे माइक नसतो. नर्तकीच्या पायांकडे लक्ष जाईलच, पण आधी गाणाऱ्याला ऐक. मूळ तिथे आहे. सोलेआ हा प्रकार बारा मात्रांचा असतो आणि ठोके ३, ६, ८, १०, १२ वर पडतात. तू मनातल्या मनात मोजत बसशील तर नर्तकी कुठे थांबते आणि गिटारवाला तिची वाट कशी बघतो ते कळेल. टाळ्यांची साथ हे तिथलं वाद्य आहे, म्हणून प्रेक्षकांनी मध्येच टाळ्या धरायच्या नाहीत. फोन पर्समध्ये ठेव. आणि ‘हे मूळचं आमचंच’ असं तिथे कुणाला सांगायला जाऊ नकोस. रोमा म्हणजे जिप्सी लोकांचे पूर्वज भारतातून गेले हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झालं आहे. पण ही कला अंदालुसियाच्या मातीत, तिथल्या जिप्सींच्या आणि शेजाऱ्यांच्या हालअपेष्टांतून वाढली. मान त्यांना द्यायचा.

रात्री अलामेदा दे एर्कुलेसच्या चौकात बसा. आजी-आजोबा, पोरंटोरं, कॉलेजातली मुलं सगळी उशिरापर्यंत तिथे असतात. फोन टेबलावर ठेवू नका आणि पर्स खुर्चीला अडकवू नका. वाइन किंवा बिअर घेणार असाल तर सोबत खात राहा. तिथेही बहुतेक जण तसंच करतात. परतताना अरुंद गल्लीत आवाज खाली ठेवा. वरच्या खिडकीमागे कुणीतरी सकाळच्या पाळीसाठी झोपलेलं असतं.

दुकानात शिरताना ‘बुएनास’, निघताना ‘ग्रासियास’ एवढं बोललात तरी पुढचा माणूस मोकळा होतो. तिथे तुम्हाला सगळे भारतातल्या मुली म्हणूनच ओळखतील. तुमच्यामागून जी आपली माणसं जातील, त्यांचं हसून स्वागत व्हावं असं वागून या.

तारखा ठरल्या की कळव. दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
सुमाआत्या