इकडील क्षेम, तिकडील क्षेम

शास्त्रपाठ : यिर्मया, अध्याय २९, वचने ४ ते ७



रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे किनाऱ्याने जाताना आरे व वारे या दोन पुळणी लागतात. डोंगरावरून खाली पाहिले असता समुद्र व सुरूचे बन दृष्टीस पडून मन प्रसन्न होते. हा आनंदही देवाचेच दान होय. परंतु सूर्य मावळला की पाहुणा घरी परततो, आणि त्याची चिंता उंबरठ्यावर त्याची वाट पाहत असते. मग ह्याहून टिकाऊ असे काही क्षेम आहे काय?

ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा यास इंग्रज सरकारने १८८६ साली रत्नागिरीस आणून ठेवले. पुढे त्याच्यासाठी मोठा वाडा बांधला गेला, व १९१६ साली तो येथेच मरण पावला. वाडा मिळाला, स्वदेश मिळाला नाही. त्याच्या अंतःकरणाचा न्याय आपण करू नये. परंतु भव्य भिंतींनी तुटलेले घर सांधत नाही, इतके आपणांस कळते.

बाबेलास धरून नेलेल्या यहूद्यांचीही हीच दशा होती. लवकरच परत जाल, असे खोटे संदेष्टे त्यांस सांगत. यिर्मयाने मात्र पत्र पाठविले : घरे बांधा, बागा लावा, लेकरांची लग्ने करा, आणि ज्या नगरीत तुम्ही बंदिवान आहां तिच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, तिच्या कल्याणातच तुमचे कल्याण आहे. येथील मूळ इब्री शब्द ‘शालोम’ हा एकाच वचनात तीनदा आला आहे. शांती, आरोग्य, पोटभर अन्न, शेजाऱ्याशी सलोखा, हे सर्व त्यात येते. आपले वडील पत्रात लिहीत, ‘इकडील क्षेम, तिकडील क्षेम कळवावे.’ एकाचे क्षेम दुसऱ्यावाचून पुरे होत नाही, हेच त्या ओळीचे मर्म.

ख्रिस्तास मानिल्यामुळे आपणांपैकी कित्येकांस भाऊबंद दुरावले. याच जिल्ह्यात करजगावी जन्मलेले नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंपासून त्यांची ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. मधली वर्षे दोघांसही सुखाची नव्हती. तरी टिळकांनी आपल्या लोकांकडे पाठ फिरविली नाही. अभंग व कीर्तन या त्यांच्याच रीतीने त्यांनी ख्रिस्त गायिला.

अन्याय मुकाट्याने सोसावा, असा याचा अर्थ नव्हे. यिर्मयाने बाबेलास निर्दोष म्हटले नाही. परंतु जो मनुष्य केवळ स्वतःचे सुख राखीत बसतो, त्याचे सुख पाहुण्याच्या सुखासारखे सांजेस संपते. जो आपणांस लग्नास बोलावीत नाही, त्याच्या घरी आजार आला असता आपण पेज घेऊन गेलो, तर त्या वाटेवर प्रभू आपल्यासोबत चालतो. तो स्वतःही आपल्या लोकांनी नाकारलेला होता, तरी त्यांच्यासाठी रडला.

विचारासाठी प्रश्न :

१. परत जाण्याची आशा असता बागा लावण्यास का सांगितले?

२. आपल्या गावाच्या कल्याणासाठी मंडळीने शेवटची प्रार्थना केव्हा केली?

३. या आठवड्यात कोणत्या दुरावलेल्या घराचे क्षेम तुम्ही विचाराल?