लघवीच्या रिपोर्टमधली एक ओळ

महिना-दोन महिने बारीक ताप, ठणकणारे सांधे, सतत चोंदलेलं नाक, मधूनच नाकातून रक्त, उतरलेलं वजन. अशी तक्रार घेऊन कुणी आलं, की जाड फाइलमधून मी आधी लघवीचा साधा रिपोर्ट शोधते. 'लाल पेशी ३०-४०, प्रोटीन ++' अशी ओळ त्यात असते आणि बरेचदा 'इन्फेक्शन' समजून अँटिबायोटिकचा कोर्सही झालेला असतो. जळजळ नाही, कल्चरमध्ये जंतू नाहीत, तरी रक्त जातंय? मग कारण शोधायलाच हवं.

त्यातलं एक कारण म्हणजे अँका व्हॅस्क्युलायटिस. यात प्रतिकारशक्ती आपल्याच बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते. किडनीतली गाळणी म्हणजे अशाच केशवाहिन्यांचे गुच्छ. ते फाटतात, रक्त लघवीत उतरतं, पुढे वण धरून गाळणी कायमची बंद पडते. हे सहसा दुखत नाही. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन मात्र काही आठवड्यांत १ वरून ५ वर जाऊ शकतं. खोकल्यातून रक्त आलं की आपल्याकडे आधी टीबी आठवतो. टीबी तपासाच, पण त्याच दिवशी लघवी आणि क्रिएटिनिनही तपासा. संशय बळावला तर अँका या प्रतिपिंडांची रक्ततपासणी आणि किडनीची बायोप्सी लागते. बायोप्सीला घाबरून दिवस घालवू नका.

उपचार नव्हते तेव्हा बहुतेक रुग्ण वर्षभरात दगावत. आज स्टिरॉइडसोबत रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फामाइड दिल्यावर बहुतेकांचा आजार आटोक्यात येतो. किडनी किती वाचेल, हे मुख्यतः उपचार सुरू होताना ती किती शाबूत आहे यावर ठरतं. डायलिसिस लागलेल्यांपैकीही काहींचं ते पुढे सुटतं. स्टिरॉइडची धास्ती असेल, तर हे ऐका: २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पेक्सिव्हास अभ्यासात स्टिरॉइड लवकर कमी केलेल्यांचे परिणाम तितकेच चांगले होते आणि गंभीर संसर्ग कमी झाले. पण डोस डॉक्टरांनीच उतरवायचा. मनाने गोळी बंद करणं जिवावर बेतू शकतं.

उपचारांआधी हिपॅटायटिस बी आणि टीबीची तपासणी करून घ्या. पुढे मूल हवं असेल, तर सायक्लोफॉस्फामाइड सुरू होण्याआधीच तसं सांगा. ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. दुखण्यावरच्या गोळ्या परस्पर घेऊ नका.

हा आजार बरा वाटल्यावरही उलटतो, कधी काही वर्षांनी. म्हणून अंगात काहीही होत नसलं, तरी सांगितलेल्या तारखेला लघवी तपासा आणि ती ओळ स्वतः वाचा. लाल पेशी पुन्हा दिसल्या, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.