पिल्लू पाहायला जाताना

जुलैची दुपार. मिनिआपोलिसपासून तासाभराच्या अंतरावर मातीच्या तबकड्या हवेत उडवून नेमबाजी करण्याचं एक मैदान आहे. तिथे मी माझ्या सात महिन्यांच्या बाजीला घेऊन गेलो. पाच जण ओळीने उभे, एकामागून एक बार काढत होते. आवाज ऐकून ऐकून पिल्लू सरावेल, असा माझा हिशेब. पुण्यात आमच्या वाड्यातलं कुत्रं दिवाळीचे चारही दिवस कॉटखालून बाहेर येत नसे, हे मला नेमकं त्या दिवशी आठवलं नाही.

दहाव्या-बाराव्या बाराला बाजीने मान आवळून पट्ट्यातून डोकं सोडवलं आणि गाडीखाली घुसला. पाऊण तासाने मी त्याला ओढून बाहेर काढलं, तेव्हा त्याचे पाय लटपटत होते. ऑक्टोबरात त्याला पहिल्यांदा शिकारीला नेलं. गवतातून तितर-कुळातला तो लांब शेपटीचा फेजंट फडफडत उठला, मी बंदूक झाडली, पक्षी पडला. बाजी पक्ष्याकडे गेलाच नाही. अर्धा मैल मागे उभ्या असलेल्या गाडीकडे सुसाट पळाला, आणि मी जाईपर्यंत तिच्याखाली बसून राहिला.

पण खरी चूक त्या मैदानावर झाली नव्हती. ती त्याच्या पाच महिने आधी, पिल्लू आणायला गेलो तेव्हाच झाली होती, आणि तिचं मूळ त्याहून मागे, आजोळी, जत तालुक्यात.

माझ्या आजोबांच्या दारात कारवानी कुत्री असायची. उंच, फासळ्या दिसणारी, वाऱ्यासारखी पळणारी. ही गोष्ट 1972च्या वन्यजीव कायद्याच्या आधीची. मी पाहिली ती त्यांतली शेवटची म्हातारी जोडी, बाकी सगळं ऐकीव. ससा उठला की कारवानी डोळ्याने पाहायचा, पळून गाठायचा आणि स्वतःच पकडायचा. शिकारी कुत्रा म्हणजे पळणारा कुत्रा, हे समीकरण माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं. बंदुकीबरोबर काम करणाऱ्या कुत्र्याची रीत याच्या अगदी उलटी आहे, हे मला अमेरिकेत दहा वर्षं काढूनही ठाऊक नव्हतं. हा कुत्रा नाकाने शोधतो. सापडल्यावर झडप घालत नाही. आणि पक्षी तोंडात आला तरी दात लावत नाही, पीसही न दुखावता हातात आणून देतो. पकडायच्या ऊर्मीला वेसण घालणं, हीच त्याची सगळी विद्या.

या कुत्र्यांचे ढोबळ तीन प्रकार. पॉइंटर, सेटर, ब्रिटनी, जर्मन शॉर्टहेअर वगैरे कुत्री पक्ष्याचा वास लागला की जागच्या जागी दगडासारखी थिजतात. तुम्ही चालत जायचं आणि पक्षी तुम्ही उठवायचा. बंदुका नव्हत्या त्या काळी युरोपात सेटर पक्ष्यासमोर दबून बसे आणि माणसं वरून जाळं टाकत. गाईच्या आडोशाने पाखरांजवळ सरकणाऱ्या आपल्याकडच्या पारध्यांना ही युक्ती परकी वाटली नसती. दुसरा प्रकार स्प्रिंगर स्पॅनियलसारख्या कुत्र्यांचा. ती थांबत नाहीत, झुडपात घुसून पक्षी उठवतात, म्हणून त्यांनी सतत तुमच्या पंचवीस-तीस पावलांत राहायला हवं. छऱ्याची बंदूक पस्तीस-चाळीस मीटरपलीकडे कामाची नाही, तेव्हा शंभर मीटरवर उठलेला पक्षी फक्त बघायचा. तिसरे रिट्रीव्हर, पडलेला पक्षी आणून देणारे. लॅब्रॅडॉर मूळचा यातला, पण बहुतेक लॅब्रॅडॉर पक्षी उठवण्याचंही काम झकास करतात. अमेरिकन केनेल क्लबच्या नोंदणीत तो 1991 ते 2021 सलग पहिल्या क्रमांकावर होता, ते काही उगीच नाही.

आता माझं बघा. मी जर्मन शॉर्टहेअर घेतला. जात उत्तम आहे, दोष तिचा नाही. पिल्लाच्या वंशावळीत बापाच्या नावाआधी ‘एफसी’ ही दोन अक्षरं होती, म्हणजे फील्ड चँपियन. स्थळाच्या पत्रिकेत परदेशी डिग्री दिसल्यावर मुलीचा बाप जसा पुढचं वाचायचं सोडतो, तसं माझं झालं. तो बाप ज्या स्पर्धांत जिंकला होता त्या घोड्यावर बसून पाहायच्या असतात, हे विचारलंच नाही. त्या स्पर्धांत क्षितिजापर्यंत धाव घेणाऱ्या कुत्र्याचं कौतुक होतं. मला दोन पायांवर चालत, डोक्याएवढ्या उंच पाणकणसांच्या दलदलीत शिकार करायची होती. तिथला फेजंट कुत्र्यासमोर शहाण्यासारखा दबून बसत नाही, तो पळतो. कुत्रा थिजून उभा, पक्षी तोवर दोन शेतं पलीकडे. पिल्लं पाहायला गेल्यापासून विसाव्या मिनिटाला मी चेक फाडला होता.

म्हणून पहिला प्रश्न कुत्र्याचा नसतो, पक्ष्याचा आणि जमिनीचा असतो. उत्तर मिनेसोटाच्या ॲस्पेनच्या दाट रानात रफ्ड ग्राउसमागे जाणार असाल, तर जवळ काम करणारा सेटर किंवा ब्रिटनी, गळ्यात घंटा बांधून. मक्याच्या शेतांच्या कडेचा, गवताळ ओलीतला फेजंट हवा असेल, तर लॅब्रॅडॉर नाहीतर स्प्रिंगर. बदकं मारायची असतील आणि नोव्हेंबरच्या बर्फगार पाण्यात कुत्र्याला उतरवायचं असेल, तर आखूड केसांचा पॉइंटर आणू नका, कुडकुडून मरायला टेकेल. तो फेजंट इथला मूळचा नाहीच बरं का. 1880च्या दशकाच्या सुरुवातीला शांघायमधल्या अमेरिकन वाणिज्यदूताने तो बोटीने ओरेगनला धाडला. म्हणजे आपल्यासारखाच आशियातून आलेला, आणि आपल्यापेक्षा लवकर रुळलेला.

दुसरा प्रश्न आठवड्याचा. हंगामातले पाच-सहा शनिवार सोडले तर उरलेले साडेतीनशे दिवस कुत्रा तुमच्या घरात असतो. बाजीला रोज दोन तास जीव तोडून पळायला हवं होतं, आणि मी संध्याकाळी सहापर्यंत मीटिंगमध्ये. पहिल्या हिवाळ्यात त्याने सोफा, दोन दारांच्या जाळ्या आणि सासूबाईंनी सांगलीहून आणलेली हळदीची पिशवी, तिन्हींचा निकाल लावला. पिवळं कुत्रं उणे पंचवीसात अंगणात उभं, हे दृश्य शेजाऱ्यांना अजून आठवतं.

त्यांतलेच एक शेजारी, निवृत्त शेतकरी, जन्मभर स्प्रिंगर पाळलेले. बाजीला मैदानावर नेल्याचं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग त्यांनी मला जे समजावलं ते इथे सविस्तर सांगतो, कारण बहुतेक नवशिके नेमके इथेच घसरतात.

पिल्लाला आधी पक्षी द्यायचा, आवाज नंतर. तीन-चार महिन्यांचं झालं की मेलेलं कबूतर हुंगू द्यावं, मग जिवंत उडतं कबूतर दाखवावं. त्यामागे ते वेडं होऊन धावू लागलं, की दुसऱ्या माणसाने शंभर पावलांवरून एकदाच फुसक्या काडतुसाचं पिस्तूल वाजवावं, तेही पिल्लू पक्ष्याच्या मागे असतानाच. त्याने कान टवकारले, पण पळणं सोडलं नाही, तर पुढच्या खेपेला थोडं जवळून. दचकलं तर तिथेच थांबायचं, काही आठवडे पिस्तूल बंद, पुन्हा नुसती कबूतरं. असं करत करत काही महिन्यांनी लहान नळीची बंदूक. मग धडाम् म्हणजे पक्षी, हे त्याच्या मनात बसतं. मैदानावर मी उलटं केलं होतं. पक्षी नाही, धावणं नाही, गळ्यात पट्टा, आणि आभाळ फाटल्यासारखे शेकडो बार. पळून जायचीही सोय ठेवली नव्हती. चार जुलैच्या आतषबाजीला पिल्लू घेऊन तळ्यावर जाणारी मराठी मंडळी मी पाहतो, तेव्हा मला राहवत नाही. जाऊन सांगतो. काही जण रागावतात.

बिघडलेलं कुत्रं सुधारता येतं, पण हमी कुणी देत नाही. बाजीला मी तीन महिने एका प्रशिक्षकाकडे ठेवलं. पिल्लाच्या किमतीच्या दुप्पट खर्च झाला. एवढंच पदरात पडलं, की हल्ली दार आपटलं तर तो पलंगाखाली जात नाही.

शिकार म्हटल्यावर मराठी वाचकाची भुवई वर जाते, आणि जाऊ दे. माझ्या बायकोची अजून वर आहे. इथला हिशेब एवढाच सांगतो : फेजंटचा फक्त नर मारता येतो, मिनेसोटात नोव्हेंबरअखेरपर्यंत दिवसाला दोन, डिसेंबरात तीन, आणि सकाळी नऊच्या आधी बार काढायचा नाही. बंदुका-काडतुसांवरचा कर 1937च्या कायद्याने वन्यजीवांसाठी राज्यांना जातो. मी ज्या सरकारी पाणथळींत हिंडतो, त्या बदकांच्या शिकाऱ्यांनी घेतलेल्या तिकिटांच्या पैशातून विकत घेतलेल्या आहेत. तरीही पटत नसेल तर माझं काही म्हणणं नाही.

दुसरं पिल्लू आणण्याआधी मी दोन वर्षं थांबलो. नॉर्थ अमेरिकन व्हर्सटाइल हंटिंग डॉग असोसिएशन नावाची 1969पासूनची संस्था सोळा महिन्यांपर्यंतच्या कुत्र्यांची उपजत गुणांची परीक्षा घेते. तिथे कुत्रा न घेता नुसता प्रेक्षक म्हणून गेलो. जातींची नावं पुस्तकात वाचणं वेगळं आणि एका सकाळी डझनभर कुत्री काम करताना पाहणं वेगळं. मग स्प्रिंगर ठरवला. त्यातही प्रदर्शनाचा स्प्रिंगर आणि शिकारीचा स्प्रिंगर आता जवळजवळ दोन निराळी कुत्री झाली आहेत. लांब झुलत्या कानांचं देखणं ध्यान रानात काट्या-बियांनी भरून निघतं. ‘खाण तशी माती’ म्हणतात, म्हणून या खेपेला पिल्लांकडे न बघता आधी आई रानात चालवून दाखवा म्हटलं. खुब्याच्या सांध्यांचे दाखले मागितले. लॅब्रॅडॉर घेणाऱ्यांनी ‘ईआयसी’ची जनुक-तपासणीही मागावी. त्या दोषाचं कुत्रं खेळता-खेळता मागच्या पायांतून कोसळतं, आणि ती तपासणी शोधण्यात इथल्याच मिनेसोटा विद्यापीठाचा हात आहे. दाखला दाखवायला जो कुरकुरतो, त्याच्या दारातून परत फिरा.

इतकं पाहून आणलेली स्प्रिंगर म्हणजे आमची मैना. पाचव्या महिन्यात कबूतर, सातव्यात पिस्तूल, अकराव्यात बंदूक. ऑक्टोबरात मी कपाटातून नारिंगी जाकीट काढलं की ती दाराशी जाते आणि नऊ वर्षांचा बाजी न्हाणीघरात.

तुम्ही पिल्लू पाहायला जाल तेव्हा पहिल्या खेपेला चेकबुक घरीच ठेवा. आणि शक्य असेल तर मुलांनाही.