शंका-समाधान : मालकावाचून अडता कामा नये

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत माझे सीएनसी मशिनिंगचे वर्कशॉप आहे. चाळीस माणसे कामाला आहेत. आठवड्याचे सहा दिवस सकाळी आठ ते रात्री दहा मी तिथेच असतो. टूल मागवण्यापासून गाडी कधी सोडायची इथपर्यंत सगळे मलाच विचारतात. सुपरवायझर अनुभवी आहेत, पण जबाबदारी घेत नाहीत. काय करावे?
– एक उद्योजक, पुणे

उत्तर : अनुभवी माणूस सारखा विचारायला येतो, कारण विचारले की उत्तर लगेच मिळते आणि न विचारता केलेले चुकले की बोलणी खावी लागतात. ही सवय वर्षानुवर्षे लागलेली असते आणि ती मोडायची सुरुवात मालकालाच करावी लागते.

दोन आठवडे एक वही जवळ ठेवा. तुमच्याकडे येणारा प्रत्येक प्रश्न, कोणी विचारला त्यासह, टिपून ठेवा. मग त्यांचे तीन गट करा. नवे मशीन, कर्ज, मोठ्या ग्राहकाचा दर हे तुम्हीच ठरवायचे. ओव्हरटाइम, डिस्पॅचचा क्रम हे त्यांनी ठरवून तुम्हाला कळवायचे. ठरावीक रकमेपर्यंतची टूलखरेदी कळवायचीही गरज नाही. ती रक्कम लेखी द्या. ‘तुम्हीच बघा आता’ एवढ्या तोंडी सांगण्यावर कोणी खर्चाची सही करत नाही.

तरीही कोणी विचारायला आलेच, तर उत्तर देऊ नका, प्रश्न विचारा. ब्रिटिश प्रशिक्षक जॉन व्हिटमोर यांच्या १९९२ सालच्या ‘कोचिंग फॉर परफॉर्मन्स’ या पुस्तकामुळे जगभर पोचलेली पद्धत इथे उपयोगी पडते. काय साधायचे आहे, आज स्थिती काय आहे, पर्याय कोणते आणि नक्की काय करणार, हे चार प्रश्न क्रमाने विचारायचे. सुरुवातीचे काही निर्णय चुकतील. त्या वेळी चारचौघांत बोललात, तर दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा तुमच्या केबिनबाहेर उभे राहतील.

आणि हे लांबणीवर टाकू नका. तुमचा आठवडा ८४ तासांचा होतो. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त असतो, असे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये जाहीर केले आहे.

प्रश्न : मी आयटी कंपनीत वरिष्ठ पदावर आहे. झोप लागत नाही, टीमवर चिडचिड होते, कामाबद्दल काही वाटेनासे झाले आहे. कंपनी कोच देणार आहे. त्याला सांगितलेले वरिष्ठांपर्यंत जाईल का?
– एक वाचक, हिंजवडी

उत्तर : कंपनी, कोच आणि तुम्ही अशा तिघांचा करार पहिल्या भेटीआधी लेखी करून घ्या. उद्दिष्टे आणि भेटींची संख्या कंपनीला कळावी, बोलणे तुमच्या दोघांत राहावे. याला नकार देणाऱ्या कोचपुढे मन मोकळे करू नका.

थकवा, कामाविषयी दुरावा आणि कामाचा उतरलेला दर्जा ही बर्नआउटची तीन लक्षणे आहेत. जागतिक आरोग्य संघटना त्याला रोग मानत नाही, कामाशी जोडलेली स्थिती मानते. पण झोप अनेक आठवडे हरवली असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. ते काम कोचचे नव्हे. जगणे नकोसे वाटले, तर सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर लगेच फोन करा.

प्रश्न : चांगला कोच ओळखायचा कसा?
– एक यंत्रमागधारक, इचलकरंजी

उत्तर : आपल्याकडे या व्यवसायाला परवाना लागत नाही, म्हणून चौकशी आपणच करायची. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचे प्रमाणपत्र असेल, तर कोणत्या पातळीचे ते विचारा. ‘पीसीसी’साठी कोचिंगचा ५०० तासांचा, तर ‘एमसीसी’साठी २५०० तासांचा अनुभव लागतो. त्याच्या दोन जुन्या ग्राहकांशी स्वतः बोला. एक भेट घेऊन मगच पुढचे ठरवा. त्या भेटीत तो जास्त बोलला की तुम्ही, हे पाहा. तुमचा धंदा समजून घेण्याआधीच उलाढाल दुप्पट करून देण्याची हमी देणाऱ्याला एक रुपयाही आगाऊ देऊ नका.